उमेदवार सोवळा नसला तरी: अमेरिकेतल्या मराठी लिबर्टेरियन मतदारांना खुले पत्र

अमेरिकेतल्या माझ्या मराठी लिबर्टेरियन मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

२०१६ मध्ये अध्यक्षपदासाठी तुम्ही लिबर्टेरियन पक्षाच्या गॅरी जॉन्सनना मत दिलंत, २०२० मध्ये जो जॉर्गेन्सनना दिलंत आणि २०२४ मध्ये चेस ऑलिव्हरचं नाव निघालं की विषय बदलू लागलात. हे पत्र तुम्हाला आहे. गणपतीत, दिवाळी पहाटेला, मुलांच्या मराठी शाळेबाहेर भेटलात तेव्हा तुम्ही कारणं सांगितलीत. "माणूस आपला वाटत नाही." "असल्या उमेदवारापेक्षा घरी बसलेलं बरं." आणि जरा हळू आवाजात, "या वेळी ट्रम्पला दिलं, निदान काही पदरात तरी पडेल." आता २०२८ ची कुजबुज सुरू झाली आहे आणि तीच वाक्यं पुन्हा कानावर येताहेत. खासगीत वाद घालून झाले, म्हणून आता जाहीर लिहितो.

आधी आकडे डोळ्यांसमोर ठेवू. सरकारच्या हाती सत्ता कमीत कमी असावी असं मानणारा लिबर्टेरियन पक्ष १९७१ च्या डिसेंबरात कोलोराडोत जन्मला. १९८० मध्ये एड क्लार्कना ९ लाख २१ हजार मतं पडली, एक टक्क्याहून किंचित जास्त. एवढी मतं पुन्हा मिळायला २०१२ साल उजाडावं लागलं. २०१६ मध्ये जॉन्सनना जवळपास ४५ लाख मतं मिळाली, म्हणजे ३.२८ टक्के. २०२० मध्ये जॉर्गेन्सनना १८ लाख ६५ हजार. आणि २०२४ मध्ये ऑलिव्हरना साडेसहा लाख, अर्धा टक्कासुद्धा नाही. आठ वर्षांत सातातले सहा मतदार निघून गेले. करांबद्दलचं, युद्धांबद्दलचं, सरकारी पाळतीबद्दलचं तुमचं मत या आठ वर्षांत बदललंय का? तुमच्याशी बोलून मला तरी तसं वाटत नाही. बदलली आहे ती उमेदवाराबद्दलची अपेक्षा.

आठवणीत जॉन्सन उजळून निघाले आहेत, म्हणून थोडी उजळणी करतो. १९९५ ते २००३ ते न्यू मेक्सिकोचे रिपब्लिकन गव्हर्नर होते. सातशेहून अधिक विधेयकं त्यांनी नकाराधिकार वापरून अडवली. १९९९ मध्ये, पदावर असताना, गांजा कायदेशीर करा असं ते उघड म्हणाले. त्या काळात एवढ्या मोठ्या खुर्चीवरून असं बोलणारं कुणी नव्हतं, आणि स्वपक्षातूनच त्यांच्यावर टीका झाली. ही झाली जमेची बाजू.

आता दुसरी बाजू. २०१६ च्या मे महिन्यात ऑर्लँडोच्या अधिवेशनात उमेदवारांच्या चर्चेत प्रश्न आला, गाडी चालवायला सरकारी परवाना असावा का? इतर उमेदवार परवान्याच्या विरोधात बोलले. जॉन्सन म्हणाले, रस्त्यावर येणाऱ्याला गाडी चालवता येते याची काहीतरी खात्री असावी. सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. खासगी धंद्यांनाही भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावर मी सही केली असती, असं म्हणाले तेव्हाही तेच झालं. त्याआधी एप्रिलमध्ये त्यांना विचारलं होतं की ज्यू बेकरीवाल्याने नाझी लग्नाचा केक करावा अशी सक्ती असावी का, आणि ते हो म्हणाले होते! करारस्वातंत्र्य, म्हणजे कुणाशी व्यवहार करायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं, हा आपल्या विचाराचा पाया, आणि उमेदवार त्यावरच घसरला. ८ सप्टेंबरला टीव्हीवर सीरियातल्या अलेप्पोबद्दल प्रश्न आला तेव्हा "अलेप्पो म्हणजे काय?" असं विचारून बसले. त्यांचे जोडीदार, म्हणजे उपाध्यक्षपदाचे उमेदवार बिल वेल्ड, मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर, मतदान आठवड्यावर आलं असताना टीव्हीवर हिलरी क्लिंटनच्या चारित्र्याची ग्वाही देत होते.

या माणसांना तुम्ही मत दिलंत, मीही दिलं. पन्नासही राज्यांच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव होतं. न्यू मेक्सिकोत नऊ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली आणि त्या राज्यात पक्षाला मोठ्या पक्षाचा दर्जा मिळाला. आज "ऑलिव्हर आपला वाटत नाही" म्हणताना हे सगळं कुठे जातं? ऑलिव्हर जॉर्जियातला तरुण, इराक युद्धाच्या विरोधातून राजकारणात आलेला, युद्धविरोध आणि मुक्त स्थलांतर यांवर जॉन्सनपेक्षा कितीतरी ठाम. कोविडच्या काळातल्या त्याच्या काही मतांवर आणि अल्पवयीनांच्या वैद्यकीय निर्णयांत सरकारने पडू नये या भूमिकेवर तुमचा राग. राग असू द्या. पण वॉशिंग्टनच्या अधिवेशनात सातव्या फेरीत तो निवडून आला आणि नंतर माँटाना, कोलोराडोसारख्या राज्यांतल्या पक्षशाखांनीच त्याच्याकडे पाठ फिरवली. पक्षाचाच कार्यकर्ता प्रचाराला येणार नसेल तर मत मागायचं कोणाकडे?

तुम्ही विचारता, अशा अर्धवट उमेदवारावर विश्वास ठेवायचा कसा? माझं उत्तर सरळ आहे: ठेवू नका. मी कोणत्याच उमेदवारावर ठेवत नाही.

आपण या विचाराकडे का आलो ते आठवा. माणूस चुकतो, लोभात पडतो, भितो, खुर्ची मिळाली की बदलतो. म्हणून त्याच्या हातात सत्ता कमीत कमी असावी आणि जी असेल तिला कुंपण असावं. आपल्या विचाराचं सार मला तरी एवढंच कळलं आहे. चांगल्या माणसाच्या हाती सगळं सोपवा असं म्हणणारे दुसरे पक्ष आहेत, ढिगाने आहेत. आणि आपणच आपल्या उमेदवारात अढळ, निष्कलंक, प्रत्येक प्रश्नाला पुस्तकातलं उत्तर देणारा माणूस शोधू लागलो तर आपणही चांगल्या राजाचीच वाट बघतोय. राजा चांगला असण्यावर राज्य अवलंबून नसावं म्हणून तर हा सगळा खटाटोप.

दुसरं, अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आपला उमेदवार निवडून येत नाही हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. १९७२ मध्ये एका बंडखोर इलेक्टरने (राज्यांच्या वतीने अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींपैकी एकाने) दिलेलं एक मत सोडलं तर आजवर पक्षाच्या तिकिटावरच्या उमेदवाराच्या खाती इलेक्टोरल कॉलेजातलं मत पडलेलं नाही. (ते मत जॉन हॉस्पर्स आणि टोनी नेथन या जोडीला पडलं, आणि असं मत मिळालेल्या नेथन या पहिल्या स्त्री. त्याचा उल्लेख फार कमी होतो म्हणून इथे केला.) घराच्या किल्ल्या ज्याच्या हातात द्यायच्या त्याच्यावर विश्वास लागतो. नोव्हेंबरातलं आपलं मत कुणाला किल्ल्या देत नाही. एवढे लोक या दिशेला उभे आहेत हे ते मोजून दाखवतं आणि पुढच्या वेळी पक्षाचं नाव छापलं जाईल की नाही ते ठरवतं. तेव्हा विश्वास आणि पाठिंबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली नाही म्हणून दुसरी रोखून धरायचं कारण मला दिसत नाही.

यावर जो सगळ्यात बळकट आक्षेप आहे तो टाळून पुढे जाणार नाही. तो आक्षेप म्हणजे बॉब बार.

२००८ मध्ये डेन्व्हरला पक्षाने सहाव्या फेरीत बार यांना उमेदवारी दिली. हे जॉर्जियाचे माजी रिपब्लिकन खासदार. समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला केंद्रीय मान्यता नाकारणारा १९९६ चा कायदा त्यांनी लिहिलेला. १९९८ मध्ये वॉशिंग्टन शहराच्या मतदारांनी औषधी गांजाच्या बाजूने कौल दिला, पण ती मतं मोजलीच जाऊ नयेत अशी तरतूद त्यांनी अमेरिकी काँग्रेसमधून आधीच करवून घेतली होती. सरकारी पाळत वाढवणाऱ्या २००१ च्या पेट्रियट कायद्याला त्यांचं मत, २००२ मध्ये इराकवरच्या कारवाईला अधिकार देणाऱ्या ठरावालाही त्यांचं मत. २००२ मध्ये त्यांच्याविरुद्ध टीव्हीवर जाहिराती देणारा पक्ष होता आपलाच लिबर्टेरियन पक्ष! त्यानंतर खासदारकी गेली, मग त्यांची मतं बदलू लागली. पाळतीच्या विरोधात बोलले, गांजाबंदी उठवू पाहणाऱ्या संस्थेचं काम केलं, आपलाच विवाह कायदा रद्द व्हावा असंही म्हणाले. २००६ मध्ये पक्षात आले, २००८ मध्ये उमेदवार झाले, सव्वापाच लाखांच्या आसपास मतं मिळवली. २०१२ मध्ये न्यूट गिंग्रिचच्या पाठीशी उभे राहिले आणि २०१४ मध्ये पुन्हा रिपब्लिकन म्हणून काँग्रेसची प्राथमिक निवडणूक लढवून हरले. त्यांच्या सोबतचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार वेन अॅलन रूट हेही २०१२ मध्ये रिपब्लिकन पक्षात परतले.

ज्यांनी तेव्हा घरचे पैसे घालून प्रचार केला त्यांच्या मनात काय झालं असेल, याची मला कल्पना आहे. म्हणूनच अपुरा म्हणजे नेमका कसा अपुरा, हे बघावं लागतं. जॉन्सनना अलेप्पो ठाऊक नव्हतं, केकच्या प्रश्नावर त्यांची तत्त्वं कच्ची निघाली. पण हातात सत्ता असताना त्यांनी ती बरीचशी आवरली, आणि जे लोकांना आवडणार नाही ते पद शाबूत असताना, किंमत मोजून बोलले. बार यांनी सत्ता हातात असताना ती दुसऱ्यांच्या आयुष्यावर चालवली आणि स्वातंत्र्याची भाषा पद गेल्यावर सुरू केली. त्यांचं मतपरिवर्तन खोटं होतं असं मी म्हणत नाही, काही बाबतींत ते खरंच होतं असं मला वाटतं. पण ते कसोटीला लागलेलं नव्हतं. ज्ञानातली, बोलण्यातली, अगदी तत्त्वातलीही उणीव मी चालवून घेईन. सत्ता वापरून माणसांना चिरडल्याचा ताजा इतिहास असेल तर त्या माणसाने आधी काही वर्षं साधा कार्यकर्ता म्हणून राबावं. डेन्व्हरच्या प्रतिनिधींनी हे बघायला हवं होतं.

म्हणजे कडक व्हायची जागा अधिवेशन. तिथे प्रतिनिधी व्हा, उमेदवाराला उभं करून घाम फोडा, उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला तर दुप्पट. वेल्ड दुसऱ्या फेरीत निम्म्याहून जेमतेम जास्त मतं घेऊन निवडून आले होते. आणखी थोडे प्रतिनिधी जागरूक असते तर तो नोव्हेंबरचा प्रसंग आला नसता. पक्षाच्या अधिवेशनात "यांपैकी कोणीही नको" हा पर्याय असतो, आणि ऑलिव्हरला शेवटच्या फेरीत त्याच पर्यायाशी लढावं लागलं. ही आपली चांगली प्रथा आहे, ती जरूर वापरा. तुमच्यापैकी किती जण राज्य अधिवेशनाला गेलात? मला दिसलेले फार थोडे. अधिवेशनाला जायचं नाही आणि नोव्हेंबरात मात्र उमेदवार पसंत नाही म्हणायचं, हे मला पटत नाही.

आपल्या मातीतलं एक उदाहरण देतो. भारतात स्वातंत्र्याचा विचार घेऊन उभा राहिलेला सगळ्यात मोठा पक्ष म्हणजे १९५९ चा स्वतंत्र पक्ष. सहकारी शेतीचा काँग्रेसचा नागपूर ठराव आला आणि त्याच्या विरोधात राजाजी, म्हणजे सी. राजगोपालाचारी, वयाची ऐंशी पूर्ण झाल्यावर पुन्हा मैदानात उतरले. परमिट-लायसन्स राज हा शब्द त्यांनीच रूढ केला. आता या राजाजींची परीक्षा घेऊ. १९३७ मध्ये मद्रास प्रांताचे पंतप्रधान (तेव्हा मुख्यमंत्र्याला असंच म्हणत) झाले आणि त्यांनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. त्यात बुडालेला महसूल भरून काढायला विक्रीकर आणला. शाळांत हिंदी सक्तीची केली आणि विरोध करणाऱ्यांना तुरुंगात घातलं. दारूबंदीचा आग्रह तर त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. लोकांनी काय प्यावं आणि कोणती भाषा शिकावी हे सरकारने ठरवायचं, असं मानलेला माणूस. पक्षात संस्थानिक आणि जमीनदार भरलेले, त्यांतले कित्येक स्वातंत्र्यासाठी कमी आणि जमिनीसाठी जास्त आलेले. मुंबईचे मिनू मसानी तत्त्वाने कितीतरी स्वच्छ, पण लोक जमत ते राजाजींच्या नावावर आणि संस्थानिकांच्या दबदब्यावर.

ऑर्लँडोच्या सभागृहाने राजाजींची हुर्यो नक्की उडवली असती. पण त्या काळी बाजाराच्या, शेतकऱ्याच्या जमिनीच्या आणि मालमत्तेच्या हक्काच्या बाजूने संसदेत उभं कोण होतं? १९६२ मध्ये १८ आणि १९६७ मध्ये ४४ खासदार निवडून आले, तेव्हा लोकसभेतला तो सगळ्यात मोठा विरोधी गट होता. १९७१ मध्ये ८ उरले आणि १९७४ मध्ये पक्ष दुसऱ्यात विरघळला. १९९१ च्या जुलैत बहुतेक उद्योगांचं लायसन्स रद्द झालं ते काँग्रेसच्याच हातून. दारूबंदीवाल्या म्हाताऱ्याला मत देणारे १९६७ चे मतदार भाबडे होते असं मी म्हणू शकत नाही. ती भाषा या देशात बोलली जाते, तिच्यामागे माणसं आहेत, हे त्यांनी त्या काळी नोंदवून ठेवलं.

आमच्या घरी हे सगळं शेतकरी संघटनेच्या वाटेने आलं. नाशिक जिल्ह्यातलं कांद्याचं घर आमचं, वडील १९८० च्या आंदोलनापासून बिल्ला लावून फिरलेले. शरद जोशींच्या शब्दाखातर जीव टाकणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या निर्णयांवर कडाडून भांडणारीही तीच माणसं. डंकेल प्रस्तावाच्या वेळी बाकीचे शेतकरी नेते विरोधात असताना जोशी खुल्या व्यापाराच्या बाजूने उभे राहिले, त्याचा वडिलांना अभिमान होता. २००४ मध्ये ते भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्यावर राज्यसभेत गेले, त्याचा त्यांना राग होता. २०१० मध्ये महिला आरक्षण विधेयकाला राज्यसभेत १८६ विरुद्ध १ असं मतदान झालं, तो एक म्हणजे जोशी. चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेलेल्या माझ्या आत्याला ते मुळीच पटलं नाही आणि तिने ते चारचौघांत सांगितलं. तरी "भीक नको, हवे घामाचे दाम" ही मागणी यांपैकी कुणीच सोडली नाही. नेत्याशी भांडूनही मागणीला धरून राहता येतं, हे मी आमच्या ओसरीवर पाहिलं आहे. इथे अमेरिकेत मात्र आपण उमेदवारावर रुसलो की मागणीही टाकून देतो.

आता मत नक्की काय करतं ते न्यूयॉर्कच्या उदाहरणाने सांगतो, कारण मी इथे राहतो आणि हे जवळून पाहिलं आहे. २०१८ मध्ये लॅरी शार्प यांनी गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली. ५० हजार मतं मिळाली की पक्षाला मतपत्रिकेवर चार वर्षांसाठी जागा, असा तेव्हाचा नियम. शार्पना ९५ हजार मिळाली आणि या राज्यात पहिल्यांदा लिबर्टेरियन पक्षाला मान्यता मिळाली. दोन वर्षांत नियम बदलला. आता दर दोन वर्षांनी १ लाख ३० हजार मतं किंवा एकूण मतांच्या दोन टक्के, यांतलं जे जास्त असेल ते मिळवा. नसतील तर राज्यभरच्या उमेदवारासाठी सहा आठवड्यांत ४५ हजार सह्या आणा, आधी १५ हजार लागायच्या. २०२० मध्ये पक्षाची मान्यता गेली. २०२२ मध्ये शार्पना सह्या कमी पडल्या आणि गव्हर्नरपदासाठी छापील नावं उरली दोन. २०२४ मध्ये अध्यक्षपदासाठीही न्यूयॉर्कच्या मतपत्रिकेवर दोनच नावं होती. ज्याला तिसरं हवं त्याने ते हाताने लिहायचं.

त्या सह्या गोळा करणं काय असतं ते ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एप्रिल-मेचे दिवस, लाँग आयलंडवरचं हिक्सव्हिल, साउथ ब्रॉडवेवरच्या भारतीय किराणा दुकानाबाहेर मी पॅड घेऊन उभा. पिशव्यांतून कोथिंबीर डोकावतेय, मुलं ओढताहेत, आणि एक काकू विचारतात, "पण हा निवडून येणार आहे का?" मी सांगतो, काकू, मत मागत नाहीये, त्याचं नाव छापू द्या एवढीच सही हवी. "मग ठीक आहे," म्हणून त्या सही करतात. पत्ता लिहितात. पुढच्या रकान्यात टाउन किंवा शहर लिहायचं असतं, तिथे त्या सवयीने हिक्सव्हिल लिहितात. पण हिक्सव्हिल हे टाउन नाही, टाउन आहे ऑयस्टर बे. कुणी हरकत घेतली तर खऱ्या मतदाराची, खऱ्या पत्त्याची सही एवढ्यावरून बाद होऊ शकते. दर सहीला "काकू, इथे ऑयस्टर बे" असं सांगत उभं राहायचं. दोन मोठ्या पक्षांच्या उमेदवारांना नोव्हेंबरच्या मतपत्रिकेसाठी हे करावं लागत नाही.

तुम्ही वाया गेलं म्हणता ते मत ही दगदग वाचवतं. उमेदवार कोण, अलेप्पो कुठे आहे हे त्याला ठाऊक आहे का, याच्याशी या हिशेबाचा काही संबंध नाही. भारतात पक्षाची नोंदणी करायला समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं, ही अट १९८९ पासून आहे. तिथे दार शपथेने अडवलं आहे, इथे सह्यांनी. दोन्हीकडे दार बंद राहण्यात आतल्यांचं भलं.

मत फोडता, असाही आरोप होतो. त्याचं उत्तर जॉर्जिया देतो. २०२० च्या नोव्हेंबरात रिपब्लिकन सिनेटर डेव्हिड पर्ड्यू ४९.७ टक्क्यांवर अडकले, लिबर्टेरियन शेन हेझलना २.३ टक्के मिळाले. तिथे निवडून यायला निम्म्याहून जास्त मतं लागतात, म्हणून दुसरी फेरी झाली आणि तीत पर्ड्यू हरले. सिनेट कुणाच्या ताब्यात जाणार ते जॉर्जियाच्या दुसऱ्या फेऱ्यांवर ठरलं. २०२२ मध्ये तिथेच दोन टक्के मिळवून दुसरी फेरी घडवून आणणारा उमेदवार होता चेस ऑलिव्हर. या दोन टक्क्यांची मोठ्या पक्षांना भीती वाटते. पर्ड्यू यांना ती मतं हवी होती तर पाळत, कर्ज, युद्ध यांवर त्यांनी आपल्याला काहीतरी द्यायला हवं होतं.

यावर तुमच्यातले काही म्हणतील, मग भाव करणंच बरं, ट्रम्पशी केला तसा. २५ मे २०२४ ला ट्रम्प लिबर्टेरियन अधिवेशनात आले, प्रतिनिधींनी त्यांची हुर्यो उडवली, आणि त्यांनी सिल्क रोड हा बेकायदा ऑनलाइन बाजार चालवल्याबद्दल दोन जन्मठेपा भोगणाऱ्या रॉस उल्ब्रिक्टला सोडायचं वचन दिलं. २१ जानेवारी २०२५ ला माफीवर सही झाली. हे खरं आहे, आणि एक माणूस तुरुंगातून सुटला याचा मला मनापासून आनंद आहे. पण पुढचंही बघा. २ एप्रिल २०२५ ला जवळपास साऱ्या जगाच्या मालावर किमान दहा टक्के आयातशुल्क जाहीर झालं. ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचं पन्नास टक्क्यांवर गेलं. सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं, आणि आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर रात्रभर विमानाच्या तिकिटांची चौकशी सुरू होती. ज्यांनी "निदान काही पदरात पडेल" म्हणून मत दिलं होतं, तेच भाच्याच्या व्हिसासाठी वकील शोधत होते. मला त्यांना टोचायचं नाही, त्यांच्या घरची काळजी मलाही आहे. पण ही सगळी शुल्कं एका माणसाच्या सहीने लागली आणि ते लागू नये असं म्हणणारा, व्यापार खुला ठेवा, माणसांना येऊ द्या असं सांगणारा उमेदवार बहुतेक राज्यांत मतपत्रिकेवर होता. त्याला आपण सोवळा नाही म्हणून बाजूला ठेवलं. शिवाय भाव करायला हातात काही लागतं. ट्रम्प त्या अधिवेशनाला आले ते मागच्या निवडणुकांमधली मतं बघून. २०२४ च्या साडेसहा लाखांवर पुढच्या वेळी कोण येईल?

तेव्हा माझी तुम्हाला विनंती अशी. २०२८ चा उमेदवार ठरण्याआधी आपापल्या राज्यशाखेचे सभासद व्हा, अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून जा. इच्छुकांना विचारा: पदावर असताना, किंवा नोकरी-धंदा पणाला लावून, तुम्ही काय नाकारलंत? निवडणूक संपल्यावर कुठे असाल? तुमचा जोडीदार शेवटच्या आठवड्यात काय बोलेल, याची हमी कोण देणार? ज्याने सरकारी बळ लोकांवर चालवलं आणि त्याबद्दल अजून काही केलेलं नाही, त्याला तिथेच पाडा. त्यासाठी भांडावं लागलं तरी चालेल, मी तुमच्या बाजूला असेन.

आणि एकदा नाव ठरलं की, त्याचा एखादा मुद्दा तुम्हाला खुपत असला, टीव्हीवर तो एखाद्या प्रश्नावर अडखळला, तरी त्याला मत द्या आणि त्याच्यासाठी सह्या गोळा करा. त्याचं कौतुक करायची गरज नाही. जिथे तो चुकतो तिथे जाहीर बोला. पक्षाच्या बैठकीत मीही बोलणार आहे. न्यूयॉर्कमधल्या मित्रांनो, अध्यक्षपदासाठीच्या सह्यांचे सहा आठवडे २०२८ च्या वसंतात येतील. क्वीन्स, नासाऊ आणि सफोकमध्ये शनिवार-रविवारी उभं राहायला माणसं हवी आहेत. ज्यांना जमेल त्यांनी आत्तापासून कळवा, म्हणजे दुकानदारांशी आधी बोलून ठेवता येईल.

आपला,
हिक्सव्हिल, न्यूयॉर्क येथील एक मतदार